उचलून घेताना गुरगुरणारी चिमी

“तीन किलोचं कुत्रं, पण मुलीवर गुरगुरतं. उद्या जोरात चावलं तर? कुणाला देऊन टाकावं का?” छोट्या जातीचं कुत्रं असलेल्या घरांतून हा प्रश्न वारंवार येतो. पुण्यातल्या एका कुटुंबाने तो विचारला तेव्हा त्यांची पॅपिलॉन, चिमी, दीड वर्षाची होती. घरात आई-बाबा, आजी आणि सहा वर्षांची मुलगी.

पॅपिलॉन आपल्याकडे क्वचितच दिसते. पॅपिलॉन म्हणजे फ्रेंचमध्ये फुलपाखरू; उभ्या, झालरीसारख्या केसांच्या कानांवरून हे नाव पडलं. उंची जेमतेम 28 सेंटिमीटर. रूप पाहून लोक हिला शोभेचं कुत्रं समजतात, पण कूळ स्पॅनिअलचं आहे. चपळ, चौकस, शिकायला अतिशय तल्लख. त्यामुळे आपल्याला कोण कसं हाताळतं हे ती फार लवकर लक्षात ठेवते.

घरच्यांनी मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती पाहिल्या तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. मुलगी समोरून धावत येते, वरून वाकते, पुढच्या पायांखाली हात घालून चिमीला उचलते. मागचे पाय लोंबकळतात. गुरगुरण्याआधी चिमीने ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली, मग अंग ताठ केलं. तीनदा सांगून झालं होतं. मोठं कुत्रं असतं तर पहिल्याच खुणेला सगळे थबकले असते. लहान कुत्र्याला सहज उचलता येतं, म्हणून त्याच्या ‘नको’कडे कुणी बघत नाही.

यात बाबांची एक चूक भारी पडली होती. गुरगुरली की ते जोरात ओरडत. दोन महिन्यांत गुरगुरणं कमी झालं आणि एके दिवशी चिमीने काहीही इशारा न देता मुलीच्या बोटाला दात लावला. इशारा दिल्यावर ओरडा बसतो, एवढंच ती शिकली होती. उचलण्याची भीती तशीच राहिली. (जखम बारीक होती, पण रक्त आलं होतं. अशा वेळी कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. घरच्यांनी फक्त हळद लावली होती.)

आणखी एक गोष्ट आजी कौतुकाने सांगत होत्या : “चालता चालता मधेच दोन पावलं लंगडी घालते, नखरेल आहे.” हे ऐकल्यावर शिकवणीआधी पशुवैद्याकडे पाठवणं भागच होतं. मागच्या डाव्या पायाची गुडघ्याची वाटी सरकत होती, तीव्रतेच्या चारपैकी दुसऱ्या श्रेणीत. छोट्या जातींत हे नेहमी आढळतं. मागचे पाय लोंबकळत उचललं की दुखत असणार. दुखणं न तपासता वागणूक सुधारायला बसणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

पहिले दोन आठवडे उचलणं पूर्ण बंद. सोफ्यासमोर बुटका, न घसरणारा पाट. गुळगुळीत फरशीवर चिमीच्या नेहमीच्या वाटेवर योगा मॅटच्या पट्ट्या; पंजाच्या गाद्यांमधले केस दर तीन आठवड्यांनी कापायचे, नाहीतर पाय फाकतात आणि गुडघ्यावर ताण येतो. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, कारण या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. कोपऱ्यातली तिची टोपली ही तिची खोली. तिथे असताना कुणीही हात लावायचा नाही, आजीनेसुद्धा.

मग उचलणं नव्याने शिकवलं, फक्त आईने. बाजूला बसायचं, “वर” म्हणायचं, छातीला हात टेकवायचा, खाऊ द्यायचा. तीन-चार दिवसांनी दुसरा हात पार्श्वभागाखाली. मग वजन किंचित हातावर घ्यायचं, पाय जमिनीवरच. चिमीने मान वळवली की एक पायरी मागे. तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत हात सोडायचा नाही. शेवटच्या वीतभर उंचीवरून मारलेल्या उडीतही या जातीचे पुढचे पाय मोडू शकतात.

खाऊचं गणित इथे हमखास चुकतं. तीन किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण 220 ते 250 कॅलरी पुरतात, खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. म्हणजे उकडलेलं चिकन 15 ग्रॅम, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करून. एक मारी बिस्कीट दिलं की दिवसाचा कोटा संपला, आणि वजन वाढलं की गुडघा आणखी बिघडतो. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे तर अजिबात नकोत. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात.

मुलीला एकच खेळ दिला. जमिनीवर बसून हाक मारायची. चिमी आपणहून आली तर तीन आकडे मोजेपर्यंत छातीला खाजवायचं, मग हात मागे. तिने नाक पुढे केलं तर पुन्हा, निघून गेली तर जाऊ द्यायचं. मोठं माणूस खोलीत असतानाच हा खेळ, आणि उचलायचं मुलीने नाहीच.

दहाव्या आठवड्यात आईने “वर” म्हटलं की चिमी स्वतः बाजू करून उभी राहू लागली. देऊन टाकण्याचा विषय मागे पडला. पावसात भिजलेले पंजे आजी पुसायला लागल्या की ती अजून गुरगुरते. आजी आता तिथेच हात थांबवतात. पंजाला टॉवेल टेकवून खाऊ द्यायचा, एवढीच पायरी सध्या सुरू आहे.