घरगुती हिंसेच्या पुरुष पीडितांवर डिझर्टेशन करतेयस? आधी एवढं बघ

विषय चांगला घेतलायस, फक्त "पुरुषांबद्दल कोणी बोलतच नाही" असं म्हणून प्रपोजल सुरू करू नकोस, गाइड पहिलं तेच खोडतील.

आधी आकड्यामागे काय मोजलंय ते बघ. हरियाणाच्या ग्रामीण भागातला २०१९ चा पेपर तुला सापडेलच, १००० विवाहित पुरुष, ५२.४ टक्क्यांनी हिंसा सोसली, सगळीकडे हाच आकडा फिरतो. आत वाच, मानसिक ५१.६ आणि शारीरिक फक्त ६ टक्के! मानसिक छळ किरकोळ असतो असं अजिबात नाही, पण दोन्ही वेगळं लिही ना.

स्केलचंही तेच. कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल (जोडप्यांमधली भांडणं-मारहाण मोजायची ठरलेली प्रश्नावली) सगळे डोळे झाकून उचलतात, त्यात कोणी किती वेळा ढकललं, मारलं हे कळतं, पण घरात कोण कोणाला घाबरतं, पैसे आणि फोन कोणाच्या ताब्यात हे नाही कळत. ते प्रश्न तू स्वतः घाल.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- सगळं सॅम्पल पुरुष-हक्कवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून. तिथे आधीच केस चालू असलेले जास्त, त्यावरून "भारतीय पुरुष" म्हणता येत नाही.
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा पुरुषांची जबानी म्हणून देणं. तिथे बायकांनाच विचारतात, तुम्ही नवऱ्यावर हात उचललात का, नवऱ्याला स्वतःला काय सोसावं लागलं हे विचारतच नाहीत.
- घरी जाऊन मुलाखत, बायको शेजारच्या खोलीत. तो काय बोलणार?

रिग्रेशन वगैरे आकडेमोड नंतर बघू, एथिक्स कमिटीच्या परवानगीचा फॉर्म मात्र याच आठवड्यात टाक.