रोज शंभर गणितं कशासाठी?

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. रोज पहाटे साडेपाचला उठून व्यवहारी आणि दशांश अपूर्णांकांची शंभर गणितं, पंचेचाळीस मिनिटांत, समोर स्टॉपवॉच लावून. रविवारी चाचणी, आणि तिचे गुण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तीन महिने झाले तरी पन्नासात बावीस-तेविसाच्या पुढे गाडी सरकत नाही. रविवारी सकाळी तिचं हमखास पोट दुखतं. मागच्या आठवड्यात तिने पुस्तकामागची उत्तरं पाहून वहीत उतरवली. ‘गणितामुळे माझं एनडीए हुकलं, तिचं तसं होऊ नये. पण ती आळशी आणि खोटारडी होत चालली आहे. सराव आणखी वाढवू का?’ सोबत वहीच्या चार पानांचे फोटो.

नमस्कार. वाढवू नका. आणि गुणांचं नंतर बघू, आधी पोटदुखीचं बोलू.

एकदा डॉक्टरांना दाखवून घ्याच. पण दुखणं फक्त रविवारी सकाळीच येत असेल, तर ते कुठून येतं हे तुम्हालाही कळतंय, म्हणून तर ते पत्रात लिहिलंत. दहा वर्षांच्या मुलीचं गणित चुकलं की आत्या, काका, मामा, चुलत भावंडं सगळ्यांना कळतं. ‘बाबा, हे मला येत नाही’ असं म्हणायला तिला घरात जागाच उरलेली नाही. मग ती मागची उत्तरं बघणार नाही तर काय करणार? याला खोटारडेपणा म्हणू नका. हा शब्द तिच्यासमोर उच्चारला असेल तर आजच तिला जवळ बसवून माफी मागा. ग्रुपवर गुण टाकणं आजपासून बंद. हे दोन्ही झाल्याशिवाय पुढचं काही उपयोगी पडणार नाही.

आता स्टॉपवॉच. त्या परीक्षेत १५० मिनिटांत १२५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुम्ही तिला एका गणितामागे २७ सेकंद देताय. परीक्षासुद्धा तिला तुमच्यापेक्षा जास्त वेळ देते.

वहीची पानं मी नीट पाहिली. तिने ३/४ + २/५ = ५/९ लिहिलंय, आणि याच तऱ्हेची चूक चार पानांत अकरा वेळा आहे. प्रत्येक ठिकाणी तुमची लाल फुली आणि ‘निष्काळजीपणा’ असा शेरा. अहो, अकरा वेळा एकाच पद्धतीने होणारी चूक निष्काळजीपणाची नसते. तिने एक नियम धरलाय: अंशात अंश मिळवायचा, छेदात छेद. ३/४ म्हणजे पाऊण. त्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर आलं ५/९, म्हणजे अर्ध्याहून जरासं जास्त. मिळवल्यावर कमी कसं झालं, हा प्रश्न तिला पडला नाही, कारण तिच्या लेखी ५/९ ही एक संख्या नाहीच. रेघेच्या वर एक आणि खाली एक, असे ते दोन सुटे आकडे आहेत. हाच गैरसमज दशांशातही दिसतो. ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं, असं तिने लिहिलंय, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. आपण मोठी माणसंही ‘पॉइंट पंचेचाळीस’ असं वाचतो, मग मुलांना तसंच वाटणार. ‘शून्य दशांश चिन्ह चार पाच’ असं वाचायची सवय लावा. रोज शंभर गणितं करून तिचा हा चुकीचा नियमच पक्का होतोय. सराव वाढवलात तर तो आणखी पक्का होईल.

तिला भाजी आणायला बरोबर न्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाव किलो मिरची ०.२५० दिसते, अर्धा किलो भेंडी ०.५००. ०.४५० वर भाजीवाल्या मावशी अजून दोन भेंड्या का टाकतात, हे तिलाच विचारा. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे शब्द तयार आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, तोंडपाठ केली होती. ती पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही, पण हे शब्द घरात बोलले जाऊ देत. रोज दहाच गणितं द्या. प्रत्येक सोडवण्याआधी तिने अंदाज सांगायचा: उत्तर अर्ध्याच्या वर की खाली, एकाच्या वर की खाली? अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर चूक तिची तिलाच शोधू द्या, तुम्ही लाल पेन उचलू नका. छेद सारखे करणं, लसावि काढणं हे त्यानंतर. वेळ लावायचीच असेल तर परीक्षेच्या आधी तीनेक आठवडे पुरेत.

नवोदयचाही विचार करताय असं लिहिलंत. तिथे ८० पैकी २० प्रश्न अंकगणिताचे असतात, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, हे धरून चाला.

राहिलं सैनिक शाळेचं. मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला ही फार चांगली गोष्ट आहे, आणि साताऱ्याची शाळा तर १९६१ पासूनची. पण ती निवासी शाळा आहे. अकराव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात राहायचं, हा निर्णय अपूर्णांकांपेक्षा कितीतरी मोठा आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमचं हुकलेलं एनडीए आहे, तिचे गुण आहेत, तिची पोटदुखी आहे. तिला जायचंय का, हे कुठेच नाही. येत्या रविवारी चाचणी घेऊ नका. खाडीच्या बाजूला दोघंच फिरायला जा, फोन घरी ठेवा आणि तिला विचारा. ‘नाही’ म्हणाली तरी चालेल हे विचारतानाच सांगा. ती काय म्हणते ते मला कळवा, तयारीचं वेळापत्रक आपण त्यानंतर ठरवू.