आठ महिन्यांचा शोक हा आजार मानावा का?

प्रश्न : माझे सासरे जाऊन आठ महिने झाले. सासूबाई रोज पहाटे रामकुंडावर जातात, जिथे अस्थिविसर्जन केले त्या पायरीवर बसून सासऱ्यांशी बोलतात आणि सात वाजता परतून नातीचा डबा करतात. शेजारी म्हणतात, 'त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.' हा मानसिक आजार समजावा का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नातीच्या डब्याचा उल्लेख तुम्ही ओघात केला आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. एखाद्याचे वागणे चारचौघांपेक्षा वेगळे आहे, एवढ्यावरून मानसिक आजार ठरत नाही. विचार, भावना किंवा वर्तन यांत असा बिघाड झाला आहे का, की त्यामुळे त्या व्यक्तीला तीव्र त्रास होतो किंवा तिचे रोजचे जगणे अडते, हे पाहावे लागते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 'डीएसएम' या निदानपुस्तिकेने तर जिवलगाच्या मृत्यूनंतरचा स्वाभाविक, समाजमान्य शोक व्याख्येतच आजारातून वगळला आहे.

तरीही 'दीर्घकालीन शोकविकार' हे निदान आता मान्य झाले आहे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' या आजारांच्या वर्गीकरणामध्ये किमान ६ महिन्यांची मुदत आहे, तर 'डीएसएम'च्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची. (आपल्याकडेही वर्षश्राद्धापर्यंत दुखवट्याचे वर्ष मानतातच.) सासूबाईंचे आठ महिने नेमके या दोहोंच्या मधे येतात, त्यामुळे नुसत्या कॅलेंडरवरून उत्तर मिळणार नाही. शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक असावा अशी अट दोन्हीकडे आहे; शिवाय त्याने दैनंदिन व्यवहार विस्कळीत व्हावेत (किंवा 'डीएसएम'नुसार तीव्र त्रास व्हावा), हेही लागते. ज्या रामकुंडावर लोक दूरदूरच्या गावांहून अस्थी घेऊन येतात, तिथे बसून गेलेल्या नवऱ्याशी चार शब्द बोलणे हे रीतीबाहेरचे आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो की, समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक कल्पनांशी वागणे जुळत नाही, म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. शेजाऱ्यांना काय वाटते, हा त्यामुळे निदानाचा मुद्दाच नाही.

मात्र सासूबाईंचे जेवण-झोप तुटली, डबा राहू लागला किंवा 'मलाही त्यांच्याकडे जायचंय' असे त्या बोलू लागल्या, तर वर्ष भरण्याची वाट न पाहता त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्या किंवा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोला. तूर्त एखाद्या पहाटे तुम्ही त्यांच्यासोबत रामकुंडावर जा.