‘नको’ म्हटलं की वाडगा पुढे जातो

रोटरी यूथ एक्सचेंजला जाणाऱ्या पोरांची मी तयारी करून घेते. १५ ते १९ वयाची पोरं, आपल्याकडची बरीचशी दहावी झाली की निघतात, वर्षभर परक्या देशात परक्यांच्या घरी राहून तिथल्या शाळेत जातात. यावेळी चारही प्रश्न जर्मनीचेच आलेत, योगायोग.

मुलगी ऑगस्टमध्ये १० महिन्यांसाठी चाललीय. आम्ही शाकाहारी. सोबत खायला काय देऊ? – एक आई, नाशिक

आधी ते तूप बाजूला काढा ताई. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेतून नेता येत नाहीत, म्हणजे तूप गेलं, पेढे गेले, खव्याचं सगळंच गेलं, आणि आंबे नि कढीपत्तासुद्धा सर्टिफिकेटशिवाय नाही. मेतकूट, मसाला, शेंगदाण्याची चटणी द्या, पण महिनाभराचीच, कारण पुढे तिने तिथलंच खायचंय. बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण थंडच असतं, ब्रेड, चीज, लोणी, काकडी, शेगडी पेटतच नाही. हे तिला आत्ताच सांगा. व्हेज मिळतं, फक्त ‘जिलेटिन’ हा शब्द पाठ करून पाठवा, ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढतात, त्या रंगीबेरंगी जेलीच्या गोळ्यांत तेच असतं.

आणि फॉर्मवर खरं लिहा हो. एका आईने शुद्ध शाकाहारी लिहिलं, तिकडे होस्ट आई बिचारी टोफू शोधत फिरतेय आणि आपले चिरंजीव शाळेबाहेर चिकन खातायत!

येऊन तीन आठवडे झाले. होस्ट फॅमिली वाईट नाहीये पण कोणी विचारतच नाही. जेवताना एकदा विचारतात, बस. रोज अर्धपोटी उठतो आणि शाळेतून आलो की रूममध्ये मोबाईल बघत बसतो. परत यावंसं वाटतंय. – वय १६, सध्या हॅनोव्हरजवळ

एक सांग, बटाट्याचा वाडगा समोर आला की तू काय म्हणतोस, ‘डांके’? मग संपलं की रे! तिथे कोणी काही देऊ केल्यावर नुसतं डांके म्हटलं की त्याचा अर्थ ‘नको’ असाच घेतात. हवं असेल तर ‘या, गेर्ने’ म्हणायचं. आपल्याकडे पहिलं नको हे नकोच नसतं, काकू दुसऱ्यांदा विचारतात आणि तिसऱ्यांदा तर ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढतात, आणि आपण लहानपणापासून त्या तिसऱ्या वेळेची वाट बघायला शिकलेलो असतो. तिथे ती वेळ येतच नाही. तू नको म्हणालास, त्यांनी ऐकलं, वाडगा पुढे गेला. त्यांच्या लेखी हाच मान, आग्रह केला तर त्यांना ती जबरदस्ती वाटते.

खोलीचंही तेच. दार लावून बसलास की त्यांना वाटतं पोराला एकटं राहायचंय, राहू दे. खाली ये. कोण सांगायची वाट न बघता डिशवॉशर रिकामा कर. कुठला कचरा कुठल्या डब्यात ते विचार, तीनचार डबे असतात आणि ते समजावून सांगताना जर्मन माणूस किती खुलतो बघच. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकायला जात असतील तर तूही जा, बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात आणि जातायेता बोलणं होतं ते वेगळंच.

तिसरा आठवडा वाईटच असतो, नवलाई संपलेली आणि भाषा आलेली नाही. पण हे सगळं साध्या गोंधळाबद्दल हं. कोणी अंगाला हात लावला, धमकावलं, मुद्दाम उपाशी ठेवलं, तर त्याच दिवशी रोटरीने तुला नेमून दिलेल्या काऊन्सेलरला फोन कर. तो होस्ट फॅमिलीतला नसतो तो याचसाठी.

रोज रात्री ९ ला व्हिडिओ कॉल केला तर चालेल ना? – एक बाबा, पुणे

नाही. तुमचे ९ म्हणजे तिथे साडेपाच, ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की साडेचार, नेमकी पोरांची बाहेर हुंदडायची वेळ. रविवारी करा, दुकानंबिकानं बंद असतात, लेक घरी सापडेल.

आमच्याकडे जर्मन मुलगा येतोय. जेवायला काय करू, आणि तो मला काय म्हणणार? – एक आजी, सांगली

आजीच म्हणेल की! आणि जेवायला रोजचंच करा, तिखट जरा बेतानं. आजी, तुमचं संकट वेगळंच आहे. त्याला घरून वळण असतं की ताटात टाकायचं नाही, म्हणून तो ताट लख्ख करणार, ते बघून तुम्हाला वाटणार पोराला अजून भूक आहे, तुम्ही वाढणार, तो परत लख्ख करणार. एका घरी हे पाचव्या पोळीपर्यंत चाललं होतं, पोरगं घामाघूम. आल्या दिवशीच त्याला ‘पुरे’ शिकवा, आणि तो म्हणाला की हातातली पोळी परत डब्यात ठेवा.