नळीतली सरी आणि वरंबा

सोलापुरात मुलांना रायफल नेमबाजी शिकवणाऱ्या एका मित्राने विचारलंय: नवी रायफल घेताना बॅरल कसं तपासायचं, याचं टिपण पालकांसाठी मराठीत करायचं आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर बॅरलचं 'पिंप' झालं, बोअरचं 'कंटाळा' आणि लँड्सचं 'जमिनी'. खरे शब्द कोणते?

पिंप हसून सोडून देऊ. आपण दुनळी बंदूक म्हणतो, तेव्हा बॅरल म्हणजे नळी, यात वाद नाही. 'बोअर' मात्र पालकांच्या टिपणात नको. सोलापूरकराला बोअर म्हटलं की किती फुटांवर पाणी लागलं तेच आठवतं. 'नळीची आतली बाजू' पुरे.

गंमत 'जमिनी'ची आहे. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात, गोळी त्यांच्यामुळे स्वतःभोवती फिरत जाते. दोन खाचांमधला न कोरलेला उंच पट्टा म्हणजे लँड. हा शब्द इंग्रजीत नांगरटीतूनच आला, नांगराच्या दोन चरांमधली न उकरलेली जमीन या अर्थाने. म्हणजे यंत्र चुकलं ते थोडक्यात! आपल्याकडे शब्द तयार आहेत: खाच म्हणजे सरी आणि उंच पट्टा म्हणजे वरंबा. माळशिरस-पंढरपूरकडच्या ऊसवाल्याला ते समजावून सांगावे लागणार नाहीत. ७.६२ मिमीची रायफल म्हणजे वरंब्यापासून समोरच्या वरंब्यापर्यंत ७.६२, सरीपासून सरीपर्यंत मोजलं तर ७.८२ च्या आसपास. सरीची खोली जेमतेम ०.१ मिमी.

या खाचांना काही जण 'आटे' सुचवतात. मला पटत नाही. आटे स्क्रूला, आणि नळी बॉडीत बसवायलाही बहुधा बाहेरून आटेच पाडतात. मग वाचणारा नेमकं कुठे बघणार? शिवाय पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलीत सरीचा एक पूर्ण फेरा साधारण १६ इंचांत होतो. याला पीळच म्हणायचं, सुताला म्हणतो तसा.

राहिला 'चॅटर'. कापताना हत्यार थरथरलं की पृष्ठभागावर आडव्या बारीक लाटा उठतात. एमआयडीसीतला कुठलाही टर्नर "चॅटर आलाय" असंच म्हणतो, तेव्हा शब्द तोच ठेवा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'आडव्या लाटा' असं सांगा.

मग टिपण असं होईल: "रायफल रिकामी आहे याची आधी खात्री करा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून नळीतून उजेडाकडे बघा. सरी-वरंबे तोंडापर्यंत सलग, स्वच्छ दिसले पाहिजेत. मध्येच काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते. आडव्या लाटा, गंजाचे खड्डे शोधा. तोंडाच्या कडेवरून नजर फिरवा. तिथे टवका उडालेला असेल तर बाकी नळी कितीही चांगली असो, नेम भरकटेल."