शायलॉकच्या तोंडची ‘फॉपरी’

प्रश्न : माझे आजोबा बडोदा कॉलेजात शिकत असताना वापरत असलेली शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकाची प्रत मला घरी सापडली. दुसऱ्या अंकात सावकार शायलॉक बाहेर जाताना मुलीला दारे-खिडक्या लावून घ्यायला सांगतो, तेथे ‘शॅलो फॉपरी’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून त्यांनी समासात ‘नटवेपणा’ असे लिहिले आहे. आजच्या कोशातही फॉपरीचा अर्थ पोशाखाची पोकळ हौस असाच मिळतो. पण ‘नटवेपणाचा आवाज घरात शिरू देऊ नकोस’ हे वाक्य मला नीट लागत नाही. आजोबांचा अर्थ बरोबर मानावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपण जेथे अडखळलात, तेथेच या शब्दाचा जुना अर्थ आहे. ‘फॉप’ हा शब्द पंधराव्या शतकापासून इंग्रजीत होता तो खुळा, मूर्ख माणूस या अर्थाने. आणि ‘फॉपरी’ म्हणजे अशा माणसाचे वागणे, आपल्या भाषेत वेडाचार. शेक्सपिअरच्या हाती हा शब्द आला तेव्हा त्याचा कपड्यांशी संबंध अजून पक्का झालेला नव्हता.

आपल्या प्रतीतील तेच पान पुन्हा काढून पाहावे. ‘फॉपरी’च्या आधीच्या ओळींत शायलॉक ढोल आणि बासरीच्या कर्कश आवाजाबद्दल बोलतो, रंगवलेले चेहरे घेऊन रस्त्याने जाणाऱ्या लोकांना स्पष्टपणे ‘फूल्स’ म्हणतो, आणि खिडक्यांना घराचे कान म्हणून ते कान बंद करायला सांगतो. आवाज येतो आहे तो या खुळ्यांच्या धिंगाण्याचा. शिवाय त्याच वाक्यात तो आपल्या घराला ‘सोबर’ म्हणतो, म्हणजे गंभीर, शहाण्या माणसाचे घर. त्याच्यासमोर उभा राहतो तो उथळ वेडाचारच. रंगवलेल्या चेहऱ्यांमुळे आजोबांना ‘नटवेपणा’ सुचला असावा, आणि तो सुचणे अगदी स्वाभाविक आहे, परंतु संदर्भ त्या अर्थाला साथ देत नाही.

याहून निर्विवाद जागा शेक्सपिअरच्याच ‘किंग लिअर’च्या पहिल्या अंकात आहे. ग्लॉस्टर नुकत्याच झालेल्या ग्रहणांवर सगळ्या अनर्थाचे खापर फोडून निघून जातो, आणि मागे राहिलेला त्याचा मुलगा एडमंड म्हणतो की, जगाची ही केवढी मोठी ‘फॉपरी’: आपल्याच करणीने आपली दशा फिरते आणि आपण दोष देतो सूर्याला, चंद्राला आणि ताऱ्यांना. साडेसातीच्या नावाने बोटे मोडणारी माणसे प्रत्येक मराठी घराने पाहिली आहेत, त्यामुळे हा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. येथे ‘नटवेपणा’ घालून वाचले तर वाक्याचा काहीच अर्थ उरत नाही. ‘खुळेपणा’ घातला की ते लख्ख उभे राहते. ‘मेरी वाइव्हज ऑफ विंडसर’च्या शेवटी तर खोट्या पऱ्यांकडून फसलेला फॉल्स्टाफ त्या उघड बनवाबनवीलाच फॉपरी म्हणतो. पुढे सतराव्या शतकात प्रॉटेस्टंट लेखक कॅथलिक विधींना झोडपताना हाच शब्द वापरीत, तोही थोतांड या अर्थाने.

मग कपडे आले कोठून? माझ्या मते याचे मोठे श्रेय रंगभूमीला द्यावे लागते. 1642 मध्ये बंद झालेली लंडनची नाटकगृहे 1660 मध्ये दुसरा चार्ल्स परत आल्यावर उघडली. राजा आणि दरबारी परागंदा असताना फ्रान्समध्ये राहून आले होते, आणि फ्रेंच फॅशनचे वेड त्यांच्याबरोबर आले. 1676 मध्ये जॉर्ज एथरिजच्या ‘द मॅन ऑफ मोड’मध्ये सर फॉपलिंग फ्लटर पॅरिसहून नुकताच परतलेला दिसतो. लोक त्याला एकेक वस्तू विचारतात, सूट कोणाचा, बूट कोणाचे, केसांचा टोप कोणाचा, आणि तो दर वेळी कारागिराचे नुसते नाव सांगतो. हातमोज्यांपाशी आल्यावर मात्र तो बायकांना म्हणतो की, यांचा वास तुम्हाला ठाऊकच आहे. वीस वर्षांनी, 1696 मध्ये, जॉन व्हॅनब्रूच्या ‘द रिलॅप्स’मध्ये लॉर्ड फॉपिंग्टन शिंप्याशी कोटाच्या खिशाच्या जागेवरून वाद घालतो, आणि पुरुषाचा टोप इतका दाट हवा की डोळ्यांखेरीज काहीच दिसू नये, असे टोप करणाऱ्याला बजावतो. मूर्ख माणूस तोच राहिला, फक्त त्याचा मूर्खपणा आता अंगावरच्या कपड्यांत दिसू लागला. पात्रांच्या नावांतच ‘फॉप’ असल्यामुळे प्रेक्षकांच्या मनात शब्द आणि पोशाख यांची गाठ कायमची बसली. ‘कॉक्सकोंब’ या शब्दाची वाटही अशीच आहे: विदूषकाच्या टोपीवरचा कोंबड्याचा तुरा, मग मूर्ख, मग दिखाऊ पुरुष.

या नंतरच्या अर्थासाठी ‘नटवेपणा’ चांगलाच शब्द आहे. मी स्वतः फॉपिंग्टनसारख्या माणसाला ‘छेलबटाऊ’ म्हणेन, कारण वडोदऱ्यात तो शब्द मराठी घरात आणि शेजारच्या गुजराती घरातही सारखाच कळतो. ‘रंगेल’ मात्र टाळावा. त्यात विलासाचा वास येतो, आणि फॉपला आरशापलीकडे फारसे काही नको असते.

आजोबांचा शब्द खोडू नये. त्याच्या शेजारी, तशाच पेन्सिलीने, ‘वेडाचार’ लिहावे.