‘आई, हे काय तुझं पिंपल्सचं वय आहे?’

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 36. कॉलेजात मैत्रिणींचे चेहरे फोडांनी भरलेले असायचे, तेव्हा माझ्या तोंडावर एक पुळी नव्हती. गेल्या दीड वर्षात मात्र हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, ठणकणारे फोड येतात. पाळीच्या आधीचा आठवडा सगळ्यांत वाईट. दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉशने तोंड धुते, वर स्क्रबही करते. एका ओळखीच्या बाईंनी सुचवलेलं क्रीम लावलं तर आठ दिवसांत चेहरा लख्ख झाला; थांबवलं आणि दुपटीने उसळले. आजवर सहा ट्यूबा झाल्या, एकीचाही उपयोग नाही. आठवीतली मुलगी विचारते, ‘आई, हे काय तुझं पिंपल्सचं वय आहे?’ तिला काय सांगू?

उत्तर : मुलीला सांगा, हो, आहे. पंचविशीनंतरच्या मुरुमांना आम्ही प्रौढ वयातले मुरुम म्हणतो आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात. काहींचे कॉलेजपासूनचे थांबतच नाहीत, काहींना तिशी उलटल्यावर पहिल्यांदा येतात. मीही तुमच्याच गटातली. वयाच्या 38व्या वर्षी माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक टपोरा फोड आला, नेमका ओपीडीच्या दिवशी. समोरच्या आजींनी नातीची तपासणी होईपर्यंत दम धरला आणि उठता उठता म्हणाल्या, “बाई, तुम्हीपण कुणाला तरी दाखवून घ्या.” मी खरंच एका सहकारी डॉक्टरांना दाखवलं. आरसा आणि स्वतःचा चेहरा समोर आला की आम्ही शिकलेली माणसंही फोड फोडतच बसतो, हे तेव्हा कळलं. त्याचा एक खड्डा माझ्या हनुवटीवर अजून आहे.

तुमच्या पत्रातलं ‘आठ दिवसांत लख्ख’ हे वाचून मात्र मी थबकले. मुरुमांवरचं कुठलंही सरळमार्गी औषध आठ दिवसांत चेहरा लख्ख करत नाही. करत असेल, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यायचा. माझ्याकडे नवीन पेशंट येणार असला की मी घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणायला सांगते. पिशवी टेबलावर उपडी करायची, भिंग घ्यायचं आणि ट्यूब उलटी करायची. पुढच्या बाजूला उजळ त्वचेचं काहीबाही मोठ्या अक्षरांत असतं. मागे, ट्यूब पिळून पिळून जिथे चुरगळलेली असते तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडतं एखाद्या स्टिरॉइडचं नाव : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन. बरेचदा त्याच्या जोडीला डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचेची सालं काढणारं ट्रेटिनॉइन. स्टिरॉइड आणि ही दोन, अशा तिघांच्या मिश्रणाला विशिष्ट डागांवर, डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या दिवसांपुरती जागा आहे. मुरुमांवर रोज थापायचं ते मलम नव्हे.

स्टिरॉइड लालसरपणा आणि सूज दाबून टाकतं, म्हणून आधी जादू वाटते. आतून त्वचा पातळ होत जाते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि स्टिरॉइडमुळेच नवे फोड येतात. बंद केलं की चेहरा लाल होतो, जळजळतो, फोड उसळतात; मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. असं कित्येक वर्षं चाललेलं मी पाहिलंय. तुमच्या क्रीमच्या मागच्या बाजूला यांतलं नाव निघालं, तर ते पुन्हा सुरू करू नका आणि ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधले काही आठवडे कठीण असतात. त्या काळात कधी सौम्य दाहशामक मलम, कधी पोटातून औषध देऊन आम्ही ते निभावून नेतो. तोवर चेहऱ्याला फक्त सौम्य क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

आता तोंड धुण्याचं. चार-पाच वेळा नको, दोनदा पुरे, घाम आला तर तिसऱ्यांदा. स्क्रब आजच बंद. मुरुम म्हणजे चेहऱ्यावरचा मळ, ही समजूत बायकांच्या हातून त्वचेचे अक्षरशः सालटे काढवते. ब्लॅकहेड काळा दिसतो तो मेलॅनिनमुळे आणि उघड्या तोंडाशी साचलेल्या द्रव्याचा हवेशी संबंध आल्यामुळे; ती धूळ नसते, कितीही घासलं तरी जात नाही. घडतं ते आत, केसाच्या मुळाशी. तिथली तैलग्रंथी जास्त तेल सोडते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जिवाणू फोफावतो (2016 पर्यंत त्याचं आडनाव तेच, पहिलं नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम होतं) आणि शरीर त्यावर दाह पेटवतं. तेलाची तोटी अँड्रोजेन या हार्मोनच्या हातात असते. अँड्रोजेन बायकांच्या शरीरातही असतं. बहुतेकींच्या रक्तात ते अगदी प्रमाणात निघतं, फक्त ग्रंथी त्याला जरा जास्तच दाद देते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की ‘मग हे हार्मोनचं नाहीच’ असं ठरवू नका. जबड्याची कड आणि पाळीच्या आधीचा आठवडा, ही दोन लक्षणं पुरेशी बोलकी आहेत.

आता सहा ट्यूबा. प्रत्येक किती दिवस लावलीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज : दहा-पंधरा दिवस, आणि फक्त फोडावर टिंब. इथेच गाडी अडते. आज जो फोड दिसतोय, त्याचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेलं असतं, तेव्हा वरून काहीच दिसत नव्हतं. पुढच्या महिन्यात येणारे फोड आत्ता तुमच्या गुळगुळीत दिसणाऱ्या त्वचेखाली तयार होताहेत. म्हणजे औषध फोडाला नव्हे, त्या सगळ्या भागाला लावायचं असतं, आणि हिशेब 12 आठवड्यांनी मांडायचा. पहिल्या महिन्यात थोडं वाढल्यासारखं वाटतं, त्याच वेळी बहुतेकजणी ट्यूब बदलतात.

स्टिरॉइडचा प्रकार निवळल्यावर तुमच्यासारख्या चेहऱ्यावर मी सहसा छिद्रांत बूच बसू न देणारं अ‍ॅडापलीन 0.1 टक्के सुरू करते. रात्री तोंड धुऊन पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं जेल घ्यायचं, त्याचे कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके द्यायचे आणि पसरायचं. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात नाही. वर मॉइश्चरायझर. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदाच. जास्त घेतलं तर लवकर गुण येत नाही, नुसती सालं निघतात. सकाळी हवं तर बेन्झॉइल पेरॉक्साइड, 2.5 टक्क्यांचं. 10 टक्क्यांचं जास्त गुणकारी असेल असं वाटतं, पण जळजळच जास्त करतं. एक घरगुती सूचना : हे औषध कपड्यांचा रंग उडवतं. माझ्या निळ्या टॉवेलवर बोटांच्या आकाराचे पिवळट पट्टे आहेत. पांढरा टॉवेल आणि पांढरी उशीची खोळ वापरा.

नुसतं अँटिबायोटिकचं मलम, म्हणजे क्लिंडामायसिन वगैरे, एकटं लावत राहू नका. जिवाणू त्याला सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडला ते सरावत नाहीत, म्हणून जोडीने देतात. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तीन-चार महिन्यांच्या पुढे लांबवायच्या नसतात.

एवढ्याने भागलं नाही तर बायकांसाठी आणखी वाटा आहेत. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात रक्तदाबाचं औषध, पण अँड्रोजेनला अडवतं, त्यामुळे जबड्याच्या मुरुमांवर चांगलं चालतं. काहींना संयुक्त गर्भनिरोधक गोळी मानवते. दोन्ही डॉक्टरने तपासून, रक्तदाब पाहून, विचारपूस करूनच. तुमची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा पोटावर राठ केस वाढले असतील, डोक्यावरचे विरळ झाले असतील किंवा वजन अचानक चढलं असेल, तर आधी पीसीओएसची (हार्मोन बिघडून पाळी चुकवणारा बीजकोशांचा विकार) तपासणी करून घ्या. यांतलं काहीच नसेल तर तपासण्यांची रांग लावायची गरज नाही.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत याचा मला आनंद झाला, कारण बाकीची सगळी पत्रं तिथूनच सुरू होतात. तेलकट खाल्लं म्हणून चेहऱ्यावर तेल येत नाही. साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, तोही बेताचाच. कमी करून पाहायला हरकत नाही, उपास मात्र करू नका.

मागे राहणाऱ्या काळपट डागांना वेळ लागतो, महिने लागतात. नखं लांब ठेवा, म्हणजे चेहऱ्यापासून लांब. सनस्क्रीन (एसपीएफ 30 किंवा वर) नसेल तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात.

प्रश्न : वय 28. वर्षभर जिम करतोय. पाठीवर, छातीवर आणि कपाळाच्या वरच्या कडेला एकसारखे बारीक पुरळ आलेत, खूप खाजतात. मित्राकडच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या, उलट वाढले. व्हे प्रोटीन घेतो. ते बंद करू का?

उत्तर : ‘खाजतात’ हा शब्द महत्त्वाचा. मुरुम दुखतात, फारसे खाजत नाहीत, आणि ते लहान-मोठे असतात. ब्लॅकहेड, गाठ, पू भरलेले, सगळे मिसळून. तुमचे एकाच साच्यातले आहेत. हा बहुधा मॅलेसिझिया या बुरशीचा फॉलिक्युलायटिस, म्हणजे केसाच्या मुळाचा दाह आहे, दिसायला मुरुमांसारखा. अँटिबायोटिकने तो वाढतो, कारण बुरशीला तोंड देणारे जिवाणू मरतात आणि तिला मोकळं रान मिळतं. उपाय अँटिफंगल, म्हणजे बुरशी मारणारा; किटोकोनॅझोल शाम्पू अंगावर पाच मिनिटं ठेवून धुवायला सांगतात. पण आधी दाखवून खात्री करा. घामाचा शर्ट जिममधून निघायच्या आधी बदला.

व्हे प्रोटीनने खरे मुरुम वाढलेले मी पाहिलेत, तेव्हा दोन महिने थांबवून पाहा. आणि एक सरळ प्रश्न, उत्तर मला नको, डॉक्टरला द्या : पावडरखेरीज काही इंजेक्शन किंवा गोळ्या आहेत का? अ‍ॅनाबोलिक स्टिरॉइडने (स्नायू फुगवायला घेतात ते) पाठीवर जे मुरुम येतात ते भलतेच खोल असतात आणि व्रण ठेवून जातात. मित्राच्या गोळ्यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हाला कळलंच आहे.

प्रश्न : वय 31. चार महिन्यांपासून अ‍ॅडापलीन लावते, चेहरा छान झालाय. आता बाळाचा विचार आहे. चालू ठेवू का?

उत्तर : बंद करा. मलमातून रक्तात अगदी नगण्य जातं, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळायच्या आधी लावलं गेलं असेल तर जीव घाबरा करून घेऊ नका, फक्त आपल्या डॉक्टरला सांगा. पण ठरवून लावायचं नाही. त्याऐवजी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, 15 किंवा 20 टक्क्यांचं; गरोदरपणात चालतं, डागांवरही काम करतं. पहिले काही दिवस मुंग्या आल्यासारखं चुणचुणतं, तेवढं सोसा.

पोटातून घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. गाठी-व्रणांच्या मुरुमांवर त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं औषध नाही, आणि गर्भाला त्याच्याइतकं घातक औषधही क्वचितच. घेण्याच्या महिनाभर आधीपासून थांबवल्यानंतर महिनाभरापर्यंत दिवस राहता कामा नयेत. स्पायरोनोलॅक्टोनही या काळात नको. तुमच्या पिशवीत यांतलं काही असेल तर आधी बाहेर काढा.

गरोदरपणात काहींचे मुरुम आपोआप ओसरतात, काहींचे पहिल्या तीन महिन्यांत भडकतात. तुमचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. बाळ अंगावर प्यायला लागलं की पुन्हा लिहा, तेव्हाचा हिशेब थोडा निराळा असतो.